कोळसा बदलला की धुंगार बदलतो?

फराळाचे डबे अर्ध्यावर येतात, चकलीसुद्धा गोड लागू लागते, आणि मग घरातले कुणीतरी हळूच म्हणते, "आता मटण होऊ दे की!" आमच्याकडे मटण म्हणजे धुंगाराचे. त्यामुळे भाऊबीज उलटली की कोळशाची शोधाशोध आलीच.

माझे माहेर महाडजवळचे वीर. कोकण रेल्वेची गाडी 1993 साली रोह्याहून तिथवर धावू लागली आणि मुंबईकरांना हे नाव ऐकू येऊ लागले. त्या डोंगरांतली लाकडे ऐन, किंजळ, खैर, धावडा अशी जड. चुलीतला निखारा चिमट्याने उचलायचा, वाटीत घालून मटणाच्या पातेल्यात मधोमध ठेवायचा, वर लवंग, तूप, आणि झाकण. आईचे माप ठरलेले: एका निखाऱ्याला चमचाभर तूप. आता गॅसच्या शेगडीवर निखारा कुठून यायचा? म्हणून पिशवीतला कोळसा.

मागच्या दिवाळीत आमच्या धाकट्या जाऊबाईंनी करवंटीचा कोळसा आणला. आईच्या मापाने तूप घातले आणि म्हणाल्या, "ताई, धूर येतच नाही हो! वीरची चव वीरलाच राहिली म्हणायची."

तसे काही नसते. नीट भाजलेल्या कोळशाला स्वतःचा धूर जवळजवळ नसतोच. लाकडातली धूर करणारी द्रव्ये भट्टीतच उडून जातात. धुंगाराचा वास हा तापलेल्या निखाऱ्यावर पडलेल्या तुपाचा आणि लवंगेचा. जपानी लोक कोंबडीचे तुकडे काडीला टोचून बिनधुराच्या कोळशावर भाजतात, त्यांचाही खमंगपणा बराचसा निथळून पडणाऱ्या चरबीचाच. कोळसा देतो ती आच. आईच्या मापातला 'एक निखारा' म्हणजे ऐनाचा जाडजूड तुकडा, हे मात्र त्या मापात कुठे सांगितलेले नाही!

करवंटीचा कोळसा घट्ट आणि चिवट, पण पातळ. सुटी कपची वाटीत ठेवली की लगेच निवते, आणि तूप नुसते वितळून बसते. पापडाच्या जाळीवर तीन-चार कपच्या एकत्र, जरा जास्त वेळ ठेवून, पुऱ्या लाल कराव्यात आणि वाटीत एकीवर एक रचाव्यात. तूप चमचाभर नको, अर्धाच.

वेड्या बाभळीच्या कोळशाची तऱ्हा उलटी. हे झाड मूळचे अमेरिका खंडातले. तिकडे त्याच्याच जातीच्या मेस्किटवर मांस भाजण्याचे मोठे कौतुक. आच इतकी कडक, की तूप पडताच भडका उडतो, आणि भडका म्हणजे धूर जळून गेला. वर राखेची पांढरी साय धरू द्यावी, मग थेंब-थेंब तूप सोडावे आणि झाकण तत्काळ घालावे.

भुकटी दाबून केलेल्या वड्या मला आवडत नाहीत. त्यात खळ असते; सगळीकडून पांढरी होईपर्यंत तिचा वास येतो. काडी लावताच पेटणाऱ्या वड्यांना तर पेटवण्याचे रसायन लावलेले असते. त्या धुंगाराला मुळीच नकोत. लाकडी कोळशातही तपकिरी गाभ्याचे अर्धवट भाजलेले तुकडे निघतात, ते काढून टाकावेत. मटण कडवट होते ते त्यांच्यामुळे. चांगला तुकडा दुसऱ्यावर आपटला की खणखणतो.

झाकण पाच मिनिटे पुरे. पाहुणे येईपर्यंत तसेच ठेवले, तर मटणाला चुलीच्या भिंतीचा वास लागतो.

आणि खिडकी उघडी हवी. गावच्या स्वयंपाकघराला कौलांतून वारा असे. आपल्या फ्लॅटला नसतो. धूर न देणारा निखाराही कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि बंद खोलीत तो जीव घेतो. काम झाले की निखारा पाण्यात बुडवावा. पुन्हा उन्हात खडखडीत वाळवला, तर तोच कोळसा पुढच्या वांग्याच्या भरताला चालतो.