डब्याचा खर्च कोणाच्या खाती?

व्यापारात एक साधा दंडक पाळला जातो. ज्याच्या सांगण्यावरून ठरलेला माल बदलावा लागतो, त्या बदलाचा खर्च त्याच्याच नावे पडतो. दूरचित्रवाणीच्या बाबतीत हा दंडक आपल्या देशात उलटा चालला. बदलाचा आदेश शासनाचा, लाभ अनेकांचा, आणि डब्याचे पैसे मात्र घरधन्याचे. हा हिशेब नीट मांडून पाहिला म्हणजे अनुदान कशासाठी असते आणि ते कोणाला मिळावे, याचाही उलगडा होतो.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यानंतर अनेक वर्षे प्रक्षेपण जमिनीवरील मनोऱ्यांवरून, ॲनालॉग पद्धतीने होत असे. या लहरींना डोंगराचा अडसर होतो. भुदरगड तालुक्याचे ठिकाण असलेली गारगोटी वेदगंगेच्या काठी, सह्याद्रीच्या रांगांच्या सान्निध्यात वसलेली. अशा मुलखात कौलांवर उंच नळीला अँटेना बांधावा लागे आणि तो वाऱ्याने किंचित फिरला तरी पडद्यावर मुंग्या दिसू लागत. पुढे केबल आली आणि चित्र बरेच सुधारले. पद्धत मात्र ॲनालॉगच राहिली. एका तारेतून सर्व वाहिन्या सर्वांना, आणि महिन्याला एकच ठोक रक्कम.

या व्यवस्थेत एक मोठी त्रुटी होती. तार किती घरांत गेली आहे, हे केबलचालकाखेरीज कोणालाही निश्चित कळत नसे. वाहिन्यांचे शुल्क आणि राज्याचा मनोरंजन कर जोडण्यांच्या संख्येवर अवलंबून होता. साहजिकच कागदावरील संख्या प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवली जाई. डिजिटल पद्धतीत प्रत्येक घरी क्रमांक असलेला सेट टॉप बॉक्स येतो. ज्या वहीत केवळ एकूण बेरीज होती, तेथे प्रत्येक ग्राहकाचे स्वतंत्र खाते उघडले जाते. २०११ मध्ये केबल दूरचित्रवाणी कायद्यात दुरुस्ती करून डिजिटल पद्धत सक्तीची करण्यामागे हे एक प्रमुख कारण होते.

अंमलबजावणी चार टप्प्यांत झाली. २०१२ मध्ये महानगरे, २०१३ मध्ये ३८ मोठी शहरे, २०१५ अखेरीस उर्वरित नागरी भाग आणि सर्वांत शेवटी ग्रामीण भाग. चौथ्या टप्प्याची ३१ डिसेंबर २०१६ ही मुदत पुढे ३१ मार्च २०१७ पर्यंत वाढविण्यात आली. नगरपालिका नसलेल्या गारगोटीसारख्या गावांचा समावेश याच शेवटच्या टप्प्यात होता.

या सक्तीसाठी केंद्र शासनाने केबलच्या ग्राहकाला अनुदान दिले नाही. उलट २०१३-१४ च्या अर्थसंकल्पात सेट टॉप बॉक्सवरील आयात शुल्क ५ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर नेण्यात आले. देशी उत्पादनाला संरक्षण हा त्यामागील हेतू समजण्यासारखा आहे. परंतु त्याच काळात कोट्यवधी घरांना तीच वस्तू घेणे भाग पडले होते. शिवाय एका कंपनीचा डबा दुसऱ्या कंपनीच्या जोडणीवर चालत नाही. सेवा बदलली की पहिला डबा अडगळीत जातो. डबे परस्परांच्या जोडणीवर चालावेत, अशी शिफारस ‘ट्राय’ या नियामक संस्थेने एप्रिल २०२० मध्ये केली. तोवर बहुतेकांचे पैसे खर्च होऊन गेले होते.

मासिक खर्चाचेही असेच झाले. २०१९ मध्ये नवी दरप्रणाली लागू झाली, तेव्हा पहिल्या १०० वाहिन्यांसाठी जोडणी शुल्काची कमाल मर्यादा १३० रुपये होती. १८ टक्के वस्तू व सेवा कर धरून ती १५३ रुपये ४० पैसे होते. म्हणजे वर्षाला १,८४० रुपये ८० पैसे. सशुल्क वाहिन्यांचे दर त्याहून वेगळे. पुढे २०२४ मध्ये ही कमाल मर्यादाही उठविण्यात आली. पेढी सांभाळणाऱ्या घराला ही रक्कम किरकोळ वाटेल; पेढीवर पोती उचलणाऱ्याच्या घरी ती तशी वाटत नाही.

हाच प्रश्न इतर देशांपुढेही आला होता. अमेरिकेने प्रत्येक घराला ४० डॉलरची दोन कुपने देऊ केली. कुपनाची मुदत ९० दिवसांची होती. जानेवारी २००९ पर्यंत निधी अपुरा पडून प्रतीक्षायादी लागली आणि अखेर प्रक्षेपण बंद करण्याची १७ फेब्रुवारी ही तारीख १२ जूनपर्यंत पुढे ढकलावी लागली. ब्राझीलने वेगळा मार्ग काढला. दूरचित्रवाणीच्या मोकळ्या झालेल्या लहरी ज्या दूरसंचार कंपन्यांनी लिलावात घेतल्या, त्यांच्याच पैशांतून गरीब कुटुंबांना डबे आणि अँटेना देण्यात आले. ज्याला लाभ, त्याच्याच नावे खर्च, हा व्यापारी दंडक तेथे शब्दशः पाळला गेला.

ब्रिटनची योजना सर्वांत विचारपूर्वक आखलेली दिसते. तेथे ७५ वर्षे पूर्ण केलेल्या आणि अपंग व्यक्तींना ४० पौंडांत, तर गरजूंना विनामूल्य डबा मिळे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे डबा बसवून देण्यासाठी माणूस घरी येई आणि नवा रिमोट कसा वापरायचा ते शिकवून जाई. वृद्धांची अडचण पैशांची जितकी असते, तितकीच बटणांची असते, हे त्या योजनेने ओळखले होते.

आपल्याकडे तमिळनाडू शासनाने २०१७ पासून आपल्या ‘अरसु’ केबल कंपनीमार्फत विनामूल्य डबे दिले. केंद्राकडील मदत आली ती दूरदर्शनच्या वाटेने आणि उशिरा. सामरिक महत्त्वाची काही केंद्रे वगळता जमिनीवरील ॲनालॉग प्रक्षेपण २०२२ पर्यंत जवळजवळ बंद झाले. त्याची जागा घेणारी ‘डीडी फ्री डिश’ ही उपग्रह सेवा डिसेंबर २००४ पासून सुरू आहे. ४ जानेवारी २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने २,५३९.६१ कोटी रुपयांची प्रसारण विकास योजना मंजूर केली आणि तिच्यात ८ लाखांहून अधिक फ्री डिश डबे विनामूल्य वाटण्याची तरतूद झाली. हे वाटप दुर्गम, आदिवासी, नक्षलग्रस्त आणि सीमावर्ती भागांसाठी आहे. गडचिरोलीतील पाड्यावरच्या घराचा त्यावर हक्क पोहोचतो. गारगोटीहून कर्नाटक जवळ आहे. पण येथे अभिप्रेत असलेली सीमा देशाची आहे, राज्याची नव्हे.

तरीही गारगोटीतील घराला एक अप्रत्यक्ष अनुदान मिळू शकते. फ्री डिशला मासिक वा वार्षिक शुल्क नाही. खासगी वाहिन्या त्यावरील जागा लिलावात घेतात, त्यामुळे भार प्रेक्षकावर पडत नाही. सह्याद्री वाहिनी त्यावर आहे. खासगी वाहिन्यांची यादी मात्र लिलावानुसार बदलत असते. बाजारातून छत्री आणि डबा एकदाच विकत घ्यावा लागतो. उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर असल्याने गारगोटीत छत्रीचे तोंड आग्नेयेकडे आणि क्षितिजापासून सुमारे ६० अंश वर ठेवावे लागते. इतक्या उंचावर डोंगर सहसा आड येत नाही; अंगणातले आंब्याचे झाड येऊ शकते. मुसळधार पावसात चित्र काही वेळ थांबते, तो दोष डब्याचा नसतो. फ्री डिशच्या नावाने कोणी वार्षिक वर्गणी अथवा ‘अनुदान नोंदणी’चे पैसे मागू लागला, तर एक रुपयाही देऊ नये.

पुण्या-कोल्हापुरात दुकाने थाटलेल्या अनेक मुलांचे आईवडील आज गावच्या घरात दोघेच राहतात. मुले तेथूनच मोबाईलवर रिचार्ज करतात आणि कर्तव्य पार पडले असे मानतात. इकडे रिमोटचे एक बटण चुकीचे दाबले जाते, पडदा निळा होतो आणि सायंकाळच्या बातम्या चार दिवस बंद राहतात. वृद्ध माणसे संकोचाने ते फोनवर सांगतही नाहीत. ब्रिटनच्या शासनाने जे काम माणूस पाठवून केले, ते येथे सुट्टीत आलेल्या नातवाला अर्ध्या तासात करता येते. आवडत्या चार वाहिन्यांचे क्रमांक ठळक अक्षरांत लिहून भिंतीला लावावेत आणि रिमोट आजींच्याच हाती देऊन तो दोन-तीनदा चालवून घ्यावा. पेढीवरील जुन्या नोकराच्या घरी छत्री बसवून देण्याचा खर्च केबलच्या वर्षभराच्या शुल्काएवढाच येतो. तो दिवाळीच्या बोनसमध्ये धरू नये, वेगळा द्यावा.