तराजूतला पासंग

शेतकरी व कारागीर बंधूंनो, डॉक्टरकीच्या दारात 'नीट' नावाची जी परीक्षा उभी आहे, तिच्याविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. परीक्षाच नको, असा ओरडा करणाऱ्यांत आम्ही नाही. उत्तरपत्रिका तपासणारे यंत्र मुलाचे आडनाव वाचीत नाही, बाप कोणाच्या ओळखीचा हेही विचारीत नाही. उद्या मुलाखती घेऊन प्रवेश देऊ लागले, तर आमच्या मुलांचे काय होईल हे आम्हांस पुरते ठाऊक आहे!

तक्रार आहे ती पासंगाची. 2025 साली या परीक्षेत 180 मिनिटांत 180 प्रश्न होते. बरोबर उत्तरास चार गुण, चुकल्यास एक वजा. मिनिटास एक प्रश्न सोडविणे हे नुसत्या बुद्धीचे काम नव्हे, हात बसण्याचे आहे. रंध्यावर हात किती दिवसांनी बसतो ते सुतारास विचारा. मुलांचा हा हात बसविण्याची दुकाने लातुरात आहेत, कोट्यात आहेत. तेथली फी, खोलीभाडे व खानावळ चार एकर कोरडवाहूतून निघत नाही. एका खेपेस साधले नाही तर सधनाचा मुलगा वर्षभर थांबून पुन्हा बसतो. आमचा बापाच्या हाताखाली जातो. मुलीचे तर लग्नच ठरते. तमिळनाडूत न्यायमूर्ती राजन समितीने 2021 साली हेच आकड्यांनी दाखविले. तेथे एम.बी.बी.एस.ला प्रवेश मिळालेल्यांत दुसऱ्या-तिसऱ्या खेपेची मुले 2016-17 साली सुमारे 12 टक्के होती, ती 2020-21 साली 71 टक्के झाली. चार वर्षांत अक्कल इतकी पालटली काय?

त्याच तमिळनाडूने 2020 साली कायदा करून, सरकारी शाळांत सहावी ते बारावी शिकून नीट उत्तीर्ण झालेल्यांस वैद्यकीयच्या सरकारी वाट्यातील 7.5 टक्के जागा राखून ठेवल्या. आमच्या सरकारनेही असे करावे, मात्र नुसती नक्कल नको. आमच्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निघालेले मूल पुढे बहुधा एखाद्या संस्थेच्या अनुदानित हायस्कुलात जाते. 'सरकारी शाळा' एवढीच अट घातली तर नेमके तेच बाहेर राहील.

रयतेच्या घामाचा पैसा वरच्या वर्गाच्या शिक्षणावर खर्च होतो, हे जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर कमिशनपुढे मांडले. सरकारी वैद्यकीय कॉलेज आजही करावरच चालते, आणि डिझेल, कापड, साबण घेताना तो कर तुम्हीही भरता. सबब आमदारसाहेब गावात आले म्हणजे रस्त्याचे गाऱ्हाणे सांगून झाल्यावर एवढे विचारा: आमच्या शाळांतल्या मुलांस किती जागा देता, आणि कोणत्या सालापासून?