आकडा मोठा म्हणून आजार मोठा नव्हे!

पोटाच्या वरच्या भागात एकाएकी उठून पाठीपर्यंत जाणारी असह्य कळ आणि सतत उलट्या अशा अवस्थेतील रुग्णाच्या रक्तात लायपेज हे विकर नेहमीच्या कमाल मर्यादेच्या तिपटीहून अधिक आढळले, की स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाचे निदान जवळपास निश्चित होते. नातेवाइकांची घालमेल तेथूनच सुरू होते. अहवालात दोन हजारांचा आकडा असेल तर आजार गंभीर आणि पाचशेचा असेल तर सौम्य, असा सरळ हिशेब मांडला जातो. वैद्यकशास्त्राला मात्र तो मान्य नाही.

लायपेज आणि अमायलेज ही विकरे स्वादुपिंडाच्या पेशींना इजा झाल्याचे सांगतात. त्या इजेला शरीर कसा प्रतिसाद देणार, हे सांगत नाहीत. त्यामुळे निदान झाल्यावर ही तपासणी रोज केल्याने देयक वाढते, ज्ञान वाढत नाही. 2012 साली सुधारलेल्या अटलांटा वर्गीकरणानुसार फुफ्फुसे, मूत्रपिंडे किंवा रक्ताभिसरण यांचे कार्य 48 तासांहून अधिक काळ कोलमडलेले राहिले, तरच आजार गंभीर ठरतो. बहुसंख्य रुग्ण काही दिवसांत बरे होऊन घरी जातात. प्रश्न उरलेल्यांचा आहे, कारण पहिल्या दिवशी दोघेही सारखेच दिसतात.

ते वेगळे ओळखण्याचा प्रयत्न जुना आहे. 1974 साली रॅन्सन यांनी सुचविलेले 11 निकष पूर्ण होण्यास 48 तास लागत. करोनाकाळात घराघरांत माहीत झालेले ‘सीआरपी’ हे प्रथिन येथेही उपयोगी पडते. 48 तासांनंतर ते लिटरमागे 150 मिलिग्रॅमच्या वर असेल, तर आजार गंभीर होण्याचा संभव वाढतो. परंतु ते यकृतात तयार होऊन रक्तात वाढण्यास वेळ लागतो. पहिल्या दिवशीचा कमी आकडा म्हणूनच खोटा दिलासा देऊ शकतो. इंटरल्युकिन-6 त्याआधी वाढते. पण ती तपासणी सर्वत्र होत नाही.

अशा वेळी साध्या तपासण्याच अधिक कामाच्या ठरतात. दाहामुळे रक्तवाहिन्यांतील द्रव बाहेर झिरपतो आणि रक्त घट्ट होते. त्यामुळे हिमॅटोक्रिट 44 टक्क्यांहून अधिक असणे, किंवा उपचारानंतरही पहिल्या 24 तासांत युरिया नायट्रोजन चढत राहणे, हे धोक्याचे इशारे आहेत. 2008 साली मांडलेल्या ‘बायसॅप’ गुणांकनातही युरिया नायट्रोजनला स्थान आहे. लहान शहरातील रुग्णालयातही या तपासण्या होऊ शकतात आणि रुग्णाला मोठ्या ठिकाणी वेळेत हलविण्याचा निर्णय त्यांच्या आधारे घेता येतो.

तथापि आकड्यांमागे धावण्यातही धोका आहे. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या ‘वॉटरफॉल’ चाचणीत सरसकट भरमसाट सलाइन दिलेल्या 20.5 टक्के रुग्णांच्या शरीरात द्रव अतिरिक्त साचला. बेताने सलाइन दिलेल्यांत हे प्रमाण 6.3 टक्के होते. चाचणी मुदतीपूर्वीच थांबवावी लागली. प्रतिजैविकांचेही तसेच. संसर्ग नसतानाही दाहामुळे ताप येतो, सीआरपी वाढते आणि औषधे सुरू होतात. मँचेस्टरमध्ये 260 रुग्णांवर झालेल्या आणि 2022 सालीच प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रोकॅल्सिटोनिनच्या आधारे निर्णय घेतल्यावर प्रतिजैविके मिळालेल्यांचे प्रमाण 63 वरून 45 टक्क्यांवर आले. त्यामुळे संसर्ग वा मृत्यू वाढले नाहीत.

तात्पर्य, एकाच रक्ततपासणीवर भविष्य वर्तविता येत नाही. श्वासाची गती, लघवीचे प्रमाण, रक्तदाब आणि युरियाचा कल यांवर पहिले दोन दिवस तासातासाने ठेवलेली नजर कोणत्याही एकट्या आकड्यापेक्षा मोलाची आहे. नातेवाइकांनीही ‘लायपेज किती?’ असे न विचारता ‘कालच्यापेक्षा मूत्रपिंडे आणि फुफ्फुसे कशी आहेत?’ असे विचारणे अधिक शहाणपणाचे ठरेल.