रोप लावले, पुढे?

झरी जामणी तालुक्यातील मुकुटबन हा चुनखडी, कोळसा आणि कापसाचा मुलूख. २०२२ पासून येथे मोठा सिमेंट कारखानाही सुरू झाला. अशा गावात हिरवाईसाठी झटणारी तरुण मंडळी हवीत, पण नुसत्या श्रमदानाने भागणार नाही. पावसाळ्यात रोप लावणे सोपे. विदर्भाच्या उन्हाळ्यात ते जगवणे कठीण. पाणी कोण घालणार, जनावरांपासून राखण कोण करणार, हे आधी ठरले पाहिजे.

असे सगळ्यांनी मिळून ठरवण्याची वाट गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाने दाखवली आहे. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ पासून गावाने स्वतः बांबू विकला. तेथे ग्रामसभेचे निर्णय सर्वसहमतीने होतात, त्याआधी अभ्यासगटांत चर्चा होते. बळ त्यातूनच आले.

कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी जरूर घ्यावा, मात्र कामे ग्रामसभेने ठरवावीत आणि हिशेब चावडीवर मांडावा. मुकुटबनच्या तरुणांनी यंदा रोपे थोडी लावावीत, पण दोन उन्हाळे जगवूनच दाखवावीत.