कौतुक कुणाचे, कूस कुणाची?

एखाद्या प्रसिद्ध नटनटीच्या घरी सरोगसीद्वारे पाळणा हलल्याची वार्ता आली की, आपल्याकडे दोन प्रतिक्रिया हमखास उमटतात. एक वर्ग ‘पैशाच्या जोरावर मातृत्व विकत घेतले’ म्हणून नाक मुरडतो, दुसरा अभिनंदनाचा वर्षाव करतो. २०११ साली आमिर खान व किरण राव, २०१३ साली शाहरुख खान, २०१७ साली करण जोहर, २०१८ साली आपला मराठी श्रेयस तळपदे, जानेवारी २०२२ मध्ये प्रियंका चोप्रा. नावे बदलली, चर्चा तीच राहिली. या गदारोळात नऊ महिने ते बाळ पोटात वाढविणाऱ्या स्त्रीची विचारपूस मात्र क्वचितच झाली. झालाच तर तिचा उल्लेख ‘भाडोत्री माता’ असा! शब्दच आपली वृत्ती सांगून जातो.

देवकीचा सातवा गर्भ रोहिणीच्या उदरी वाढला, ही कथा आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. बलरामाला आजही ‘रोहिणीनंदन’ म्हणतात. आजच्या काळात त्या स्त्रीची ओळख गुप्त राहणे तिच्या हिताचेच आहे. पण ओळख गुप्त ठेवणे निराळे आणि तिचे अस्तित्वच विसरणे निराळे.

या क्षेत्रात २००५ पासून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची मार्गदर्शक तत्त्वे होती, कायदा नव्हता. २०१६ साली तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी, गरजेसाठी आलेली सोय आता हौस बनू लागल्याची खंत व्यक्त केली, तेव्हा त्यांचा रोख सेलिब्रिटींकडेच होता. पुढे सरोगसी (नियमन) कायदा, २०२१ आला आणि २५ जानेवारी २०२२ पासून अमलात आला. व्यापारी सरोगसी हा गुन्हा ठरला. सरोगेट माता २५ ते ३५ वयाची, विवाहित व स्वतःचे अपत्य असलेली हवी, आयुष्यात एकदाच तिला असे मातृत्व स्वीकारता येईल आणि तिला ३६ महिन्यांचे विमासंरक्षण दिलेच पाहिजे, असे बंधन आले. हे स्वागतार्हच होय.

तथापि कायदा पैशाचा व्यवहार रोखू शकतो, परिस्थितीचा आणि नात्याचा दबाव कसा रोखणार? शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचे प्रकरण २०१९ साली गाजले आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. आपल्या पाथर्डी-शेवगावातूनही ऊसतोडीसाठी कुटुंबे दरवर्षी गाव सोडतात. मजुरीचा खाडा नको म्हणून जिथे गर्भाशयच काढून टाकण्याची पाळी स्त्रीवर येते, तिथे गरिबीतून आलेल्या ‘संमती’ला संमती म्हणायचे काय? आणि श्रीमंत नातलगासाठी ‘परोपकार’ करावयास सांगितलेली गरीब नणंद वा जाऊ ‘नाही’ म्हणू शकेल काय?

दुसरा प्रश्न अधिक बोचरा आहे. ‘एखादे मूल दत्तक का घेतले नाही?’ असे तारेतारकांना विचारणाऱ्यांनी हा पर्याय आपल्या घरातील निपुत्रिक लेक-सुनेपुढे कधी सन्मानाने ठेवला आहे काय? उलट, तिला ‘वांझ’ म्हणून हिणविणारे, ओटीभरणाच्या वेळी तिला मागे सारणारे हात आपलेच असतात. ‘रक्ताचेच मूल हवे’ हा हट्ट चंदेरी दुनियेत जन्मलेला नाही. तो आपल्या माजघरात वाढला. त्यांच्याकडे तो पुरविण्यास पैसा होता, एवढेच. आपल्या नगरमध्ये स्नेहालयाचा ‘स्नेहांकुर’ हा दत्तकविधान प्रकल्प वर्षानुवर्षे काम करीत आहे. तेथवर जाणारी वाट लांब नाही. मनाची तयारी तेवढी हवी.

याच जिल्ह्यातील चोंडीच्या कन्येचे, पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे नाव आज जिल्ह्याने धारण केले आहे. त्यांचा एकुलता एक पुत्र मालेराव १७६७ साली निवर्तला. पुढे जवळपास तीन दशके त्यांनी प्रजेचा सांभाळ केला आणि लोकांनी त्यांना ‘लोकमाता’ म्हटले. मातृत्वाची इतकी विशाल कल्पना ज्या मातीत रुजली, तेथे मूल नसलेल्या स्त्रीची मान खाली जावी, हे शोभणारे नाही.

तारेतारकांवर टीका जरूर व्हावी. परंतु पुढची अशी बातमी वाचताना प्रथम त्या अनाम मातेची काळजी वाटावी, आणि वर्तमानपत्र खाली ठेवल्यावर आपल्या घरातील ओटी न भरलेल्या सुनेकडे आपण आदराने पाहावे. समाज म्हणून आपली कसोटी तिथेच लागणार आहे.