चौथऱ्यावरचे इंजिन आणि पडद्यावरचे इंजिन

१/ रेल्वे सिम्युलेशन गेमसाठी जुनी डिझेल इंजिने नव्याने घडवणाऱ्या तरुणांना ‘खेळत बसलेली पोरे’ म्हणून हिणवले जाते. उलट, जुने इंजिन रंगवून स्थानकाबाहेर चौथऱ्यावर ठेवले की त्याला ‘वारसा जतन’ म्हणतात. ही प्रतवारी चुकीची आहे. का, ते या धाग्यात पाहू.

२/ मुंबईच्या रेल्वेचा इतिहास बहुधा दोनच तारखांत आटोपतो: १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, आणि ३ फेब्रुवारी १९२५, पहिली विजेची गाडी. साहिब, सिंध, सुलतान ही नावे शाळकरी मुलांनाही पाठ असतात. वाफ आणि वीज यांच्यामधले डिझेल मात्र या कथनातून गळून पडते. त्याला ना वाफेचे काव्य लाभले, ना विजेची प्रतिष्ठा.

३/ वास्तविक हा अध्याय लहान नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेहून ब्रॉडगेजसाठी १५ डिझेल शंटिंग इंजिने आली. पुढे त्यांना ‘डब्ल्यूडीएस-१’ हे वर्गनाम मिळाले. १९५० च्या दशकात माथेरानच्या दोन फुटी रुळांवर जर्मनीच्या युंग कंपनीची डिझेल इंजिने चढली. १९६२ मध्ये अमेरिकेच्या अल्को कंपनीचे २६०० अश्वशक्तीचे ‘डब्ल्यूडीएम-२’ आले आणि १९६४ पासून ते वाराणसीत तयार होऊ लागले.

४/ अल्कोचा कारखाना १९६९ मध्ये बंद पडला. तिचे इंजिन भारतात त्यानंतरही अनेक दशके बांधले गेले. आज त्या युगाचा अस्त होतो आहे. वाराणसीच्या कारखान्याच्या नावातला ‘डिझेल’ हा शब्दही २०२० मध्ये वगळला गेला. ज्या यंत्राने देशाची मालगाडी ओढली, ते भंगारात जाताना त्याची नोंद कोण ठेवणार?

५/ हा प्रश्न परळला अधिक लागू पडतो. जीआयपी रेल्वेचा परळ कारखाना एकोणिसाव्या शतकातला. वाफेची इंजिने तिथे दुरुस्त झाली, पुढे डिझेलची झाली, नॅरोगेज डिझेल इंजिने तर तिथे बांधलीही गेली. त्याच जमिनीवर टर्मिनस उभारण्याची चर्चा गेली काही वर्षे सुरू आहे. टर्मिनसची गरज खरी असेल. पण जागा रिकामी करताना आराखडे, नोंदवह्या आणि फिटरांचे हातचे ज्ञान कुठे जाणार, हे विचारणे इतिहासाच्या विद्यार्थ्याचे कामच आहे.

६/ आता चौथऱ्याकडे वळू. चौथऱ्यावरचे इंजिन आकार सांगते, वर्तन सांगत नाही. त्याला आवाज नसतो, वजन जाणवत नाही, त्याचे ब्रेक लागत नाहीत. अनेकदा त्यावर चढवलेला झगझगीत रंग ते सेवेत असताना कधी नव्हताच. म्हणजे जतनाच्या नावाखाली पुरावाच पुसला जातो, आणि ही चूक कुणी कुठे नोंदवतही नाही.

७/ सिम्युलेशन काय देते, ते एका उदाहरणाने पाहा. ‘डब्ल्यूडीएम-२’ला चालकाची खोली एकच. इंजिन लांब नाकाडे पुढे करून धावू लागले की चालकासमोरचा बराचसा मार्ग इंजिनाच्याच अंगाने झाकला जाई. मग दुसऱ्या बाजूचा सिग्नल सहायकाने पाहायचा आणि मोठ्याने पुकारायचा. हे वाचून समजते. पण त्या आसनावरून सिग्नल शोधताना दोन माणसांचा परस्परांवरचा विश्वास हा यंत्राचाच एक भाग होता, हे उमगते.

८/ दुसरे उदाहरण लालबाग-परळच्या घराघरांतले. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि गणपतीला गावी जाणारा चाकरमानी डिझेलच्या मागे बसून निघाला. साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्यात डिझेलच्या धुरासाठी वायुवीजनाची खास सोय करावी लागली. २०२२ मध्ये मार्गाचे विद्युतीकरण पूर्ण झाले आणि एका पिढीच्या प्रवासाचा तो वास, तो आवाज मागे पडला. तो कोणत्या संग्रहालयात ठेवला आहे?

९/ आक्षेप रास्त आहे: गेमही चुकतो. आवाज दुसऱ्याच इंजिनाचा लावला जातो, रंग कल्पनेतला असतो, सन आणि ब्रेकची पद्धत जुळत नाही. हे मान्यच करायला हवे. देखणेपणा म्हणजे अचूकता नव्हे. म्हणूनच प्रत्येक प्रतिकृतीसोबत तिची मापे कुठून घेतली, आवाज कोणत्या इंजिनाचा, आणि कोणता भाग अंदाजाने भरला, हे लिहिले गेले पाहिजे. त्याविना ती प्रतिकृती खेळणेच राहील; त्यासह ती संशोधन ठरेल.

१०/ गिरणगावाने हा धडा आधीच दिला आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, मॉल आले, एखादी चिमणी शोभेसाठी उरली. त्या चिमणीवरून कुणालाही संप समजत नाही. गिरणगावाचा इतिहास वाचला तो नीरा आडारकर आणि मीना मेनन यांच्यासारख्या अभ्यासकांनी कामगारांच्या तोंडून तो नोंदवून घेतला म्हणून. रेल्वेच्या बाबतीत मात्र आपण अजून चिमणीच रंगवत आहोत.

११/ तेव्हा मागणी स्पष्ट असावी. सेवेतून बाद झालेल्या इंजिनांचे आराखडे अभ्यासकांना खुले करावेत. भंगारात काढण्यापूर्वी प्रत्येक वर्गातील निदान एका इंजिनाचे मोजमाप, छायाचित्रण आणि ध्वनिमुद्रण व्हावे. आणि प्रतिकृती घडवणाऱ्यांना उपद्रवी हौशी न समजता सहकारी मानावे.

१२/ तोवर वाट पाहण्याचे कारण नाही. दादर-परळच्या रेल्वे वसाहतींत, लालबागच्या चाळींत निवृत्त चालक आणि फिटर आजही राहतात. त्यांच्यासमोर पडद्यावरचे इंजिन सुरू करावे आणि एकच विचारावे: ‘काका, यात काय चुकलंय?’ उत्तर लांबेल. ते ध्वनिमुद्रित करून ठेवावे. इंजिन वितळवल्यावरही त्याचा सांगाडा पुन्हा रेखाटता येईल. तो माणूस गेल्यावर ते उत्तर कुठेच मिळणार नाही.