खेळ मुलांचा, फोटो कुणाचा?

थंडी सुरू झाली की गडमुडशिंगीपासून कोल्हापूर शहरापर्यंत शाळांच्या मैदानांवर फक्कीच्या रेषा पडतात. लंगडी, लिंबू-चमचा, पोत्यांची शर्यत, खो-खो. रेषेबाहेर मोबाईल धरलेल्या मोठ्या माणसांची भिंत उभी राहते. पहिलीतलं पोर पळता पळता आईला शोधतं, तर आईच्या चेहऱ्यापुढे मोबाईल!

फोटो काढूच नयेत, असं मी म्हणत नाही. आम्हा शिक्षकांना तर ते काढावेच लागतात. उपक्रम झाला याचा पुरावा वर पाठवायचा असतो. जानेवारी २०१७ पासून मुलांसोबत सेल्फी काढून ‘सरल’वर टाका, असाही आदेश निघाला होता. शिक्षकांनी त्याला विरोध केला. पण पुराव्याची सवय राहिली. म्हणून लिंबू सांभाळत निघालेल्या मुलाला कुणीतरी ‘थांब, इकडे बघ’ म्हणतं आणि लिंबू पडतं. अल्बममध्ये पाहुणे दहा वेळा दिसतात, शेवटी आलेला मुलगा एकदाही नाही.

खरा प्रश्न त्यापुढचा आहे. उर्दू शाळांतले अनेक पालक म्हणतात, ‘सर, मुलगी खेळू दे, पण फोटो गावभर नको.’ याला मागासलेपण म्हणून हसणं सोपं आहे. पण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्याआधी पालकांची संमती घेण्याचं तत्त्व आहे. ते सर्व धर्मांच्या पालकांसाठी आहे. शाळेनं फोटो आणि खेळ एकत्र बांधले, तर फोटो टाळण्यासाठी मुलगी मैदानच सोडते. नुकसान तिचंच.

पालकांनाही माझं सांगणं आहे. फोटोला नकार द्या, खेळाला देऊ नका. आणि जमलं तर फोटोलाही होकार द्या. ओढणी खोचून खो-खोत सूर मारणारी मुलगी फोटोत दिसली, की शेजारच्या घरातली मुलगीही मैदानाचा हट्ट धरते.

यासाठी फार काही लागत नाही. वर्षाच्या सुरुवातीला पालकांना वाचता येईल त्या भाषेत, उर्दूत किंवा मराठीत, संमती विचारावी. फोटो एकाच शिक्षकानं काढावेत. बाकीच्यांनी टाळ्या वाजवाव्यात. गुडघ्यावर बसून, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरून, ऊन आपल्या पाठीशी ठेवून काढावेत. संमती असलेलं प्रत्येक मूल एकदा तरी फोटोत यावं. पडलेलं, रडणारं मूल टिपू नये. त्याला आधी उचलावं. फोटो ज्याचा त्याच्या पालकांना द्यावा. नाव, इयत्ता, शाळा लिहून स्टेटसवर टाकू नये.

फोटो नसला तरी शर्यत झालेली असते. फोटोपायी एखादी मुलगी घरी बसली, तर तिच्यापुरती ती झालीच नाही. शाळेनं आधी तिचा विचार करावा.